गाठ, खपली, चट्टा : गुरांच्या त्वचारोगांची ओळख आणि उपचार कुठवर आले?

जनावराच्या पोटात काय बिघडले आहे हे शेतकऱ्याला अंदाजानेच कळते. कातडीवर काय उठले आहे ते मात्र डॉक्टरच्या आधी त्यालाच दिसते. धार काढताना कासेवर हात फिरतो, खरारा करताना केसांचा पुंजका हातात येतो, दावणीला उभ्या गाईच्या मानेवर काल नसलेली गाठ सकाळी दिसते. त्वचारोगाची खबर अशी लवकर लागते. तरीही उपचार उशिरा होतात किंवा भलतेच होतात, कारण कातडीकडे आजार सांगण्याच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. गाठ, फोड, खपली, चट्टा, खाज आणि केसगळ एवढ्यातच तिचा कारभार चालतो. विषाणू, जिवाणू, बुरशी आणि बारीक किडे हे सगळे याच खुणा वाटून घेतात.

महाराष्ट्रात २०२२ नंतर कातडीवरच्या कोणत्याही गाठीला ‘लम्पी’ म्हटले जाऊ लागले. त्याआधी बहुतेक खपल्यांवर ‘खरूज’ हे एकच नाव चिकटत असे. नाव चुकले की औषध चुकते. गुरांचे नेहमीचे त्वचासंसर्ग ओळखायचे कसे, त्यांच्या उपचारांविषयी कोणती मते आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : दुय्यम मानलेला आजार

भारतातील पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती जनावरे झपाट्याने मारणाऱ्या साथींना तोंड देण्यासाठी. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात जीवाणू प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि पुढे मुक्तेश्वरला गेली. तिच्यापुढचा मोठा शत्रू बुळकांडी होता. २०११ मध्ये जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसीकरणाच्या मोहिमाही वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. त्वचारोगाने जनावर सहसा मरत नाही. दूध घटते, वासरू खंगते, बैल कामाला कचरतो, बाजारात किंमत पडते. पण दवाखान्याच्या नोंदवहीत हे नुकसान मृत्यूच्या आकड्याइतके ठळक उमटत नाही.

लम्पी त्वचारोगाने हे चित्र बदलले. १९२९ मध्ये आजच्या झांबियात तो प्रथम नोंदला गेला, तेव्हा विषारी वनस्पती किंवा कीटकांचा चावा हे त्याचे कारण मानले गेले. तो संसर्गजन्य आहे हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. पुढची अनेक दशके तो आफ्रिकेत राहिला, मग पश्चिम आशियात आणि २०१५ पासून आग्नेय युरोपात पोहोचला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२० मध्ये गडचिरोलीमार्गे महाराष्ट्रात दिसला. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्याने थैमान घातले, आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून तो राज्यभर फोफावला. त्या वर्षी देशात दीड लाखांहून अधिक गुरे दगावल्याची सरकारी नोंद आहे. गुरांचे बाजार बंद झाले, बैलपोळा घराघरांत उरकला गेला. कातडीचा आजारही जीव घेऊ शकतो, हे गावोगाव दिसले.

ओळख : जागा, ऋतू, वय आणि खाज

अनुभवी पशुवैद्यक नुसत्या डागाकडे पाहत नाही. डाग अंगावर कुठे आहे, ऋतू कोणता, जनावराचे वय काय आणि त्याला खाज सुटते का, असे चार प्रश्न तो विचारतो. पहिली वर्गवारी या उत्तरांवरच होते.

*गजकर्ण किंवा नायटा* हा बुरशीचा आजार आहे. डोळ्यांभोवती, कानांवर आणि मानेवर राखाडी, जाड, नाण्यासारखे गोल चट्टे दिसतात. त्यांवर पिठूळ खपली असते आणि केस तुटलेले असतात. एका गोठ्यात दाटीने बांधलेल्या वासरांत तो जास्त असतो. खाज फारशी नसते. ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम ही गुरांमधील नेहमीची बुरशी माणसालाही होते, म्हणून वासरांना चट्टे असतील तर घरातल्या मुलांच्या हातांकडेही पाहावे लागते. तिचे बीजाणू लाकडी गव्हाणीवर, दाव्यावर आणि खराऱ्यावर कित्येक महिने टिकतात.

*खरूज* सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि तिची ओळख म्हणजे अनावर खाज. जनावर खांबाला अंग घासत राहते, कातडी जाड होऊन तिला घड्या पडतात, रक्त येते. सार्कोप्टिस जातीचा किडा कातडीत बोगदे करतो. कोरिऑप्टिस शेपटीच्या मुळाशी आणि पायांवर राहतो. डेमोडेक्स केसांच्या मुळांत घर करतो, त्याने गाठी येतात पण खाज जवळजवळ नसते. *उवा* हिवाळ्यात, केस वाढलेल्या आणि अशक्त जनावरांवर जास्त दिसतात. केस बाजूला सारले की उवा आणि लिखा नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

*पावसाळी खपल्या*, म्हणजे डर्माटोफिलोसिस, हा आजार कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या लोकांना पाहून माहीत असतो, नावाने नसतो. सतत भिजलेल्या कातडीवर जिवाणू वाढतो, पाठीवर खपल्या साचतात आणि रंगाच्या सुकलेल्या कुंचल्यासारखे केसांचे झुपके त्यांत चिकटतात. खपली उपटली की खाली ओलसर, गुलाबी जागा दिसते. बुरशीसारखा दिसत असला तरी हा जिवाणूचा आजार आहे, आणि बुरशीचे मलम लावत राहण्यात बरेच दिवस जातात. इगतपुरी-अकोले पट्ट्यातल्या डांगी जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि मुसळधार पावसात तो त्यांना सांभाळतो, असे या जातीच्या वर्णनात सांगितलेले आहे. पावसाने कातडीची कसोटी लागते ती नेमकी कुठे, हे त्यावरून लक्षात येते.

*चामखीळ* पॅपिलोमा विषाणूमुळे येते. तरुण जनावरांच्या डोक्यावर, मानेवर आणि गाईच्या सडांवर फुलकोबीसारखे खडबडीत मांसल उंचवटे वाढतात. ताप नसतो, जनावर चारा सोडत नाही.

*लम्पी*मध्ये मात्र आधी ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, खांद्यापुढच्या आणि मांडीजवळच्या लसिका ग्रंथी सुजतात आणि मग अंगभर घट्ट, गोल, साधारण दोन ते पाच सेंटिमीटरच्या गाठी उठतात. या गाठी कातडीच्या सर्व थरांतून खोल जातात. काही दिवसांनी गाठीचा मधला भाग काळा पडून बुचासारखा निघतो आणि खड्डा राहतो. पायांना सूज येते, गाभण गाय गाभडू शकते. चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड हे त्याचे मुख्य वाहक. म्हशींत तो क्वचित दिसतो आणि माणसाला होत नाही. उकळलेले दूध पिण्यास हरकत नाही, असा तज्ज्ञांचा एकमुखी निर्वाळा आहे.

संसर्ग नसलेले सोबती

ओळखीची खरी परीक्षा इथे होते. घाणेरी किंवा टणटणी खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते आणि कातडी उन्हाला नाजूक होते. संकरित काळ्या-पांढऱ्या गाईच्या फक्त पांढऱ्या भागावरची कातडी सोलली जाते आणि काळा भाग शाबूत राहतो. आजाराची सीमा रंगाच्या सीमेवरच थांबलेली दिसली की संसर्गाआधी चाऱ्याचा आणि उन्हाचा विचार करायचा, एवढे सोपे निरीक्षण पुष्कळ औषध वाचवते. अंगावर पित्त उठले तरी गाठी दिसतात, पण त्या काही तासांत विरतात. लम्पीच्या गाठी विरत नाहीत. ‘छद्म लम्पी’ हा संसर्गच, हर्पीस गटातल्या एका विषाणूमुळे होणारा, पण लम्पीशी त्याचीही गल्लत होते. त्याच्या गाठी वरवरच्या असतात आणि लवकर भरतात. जुवाच्या घर्षणाने होणारी खांदेसूज मुळात इजा असते, पू नंतर होतो. तिथे विश्रांती आणि जुवाची दुरुस्ती आधी, औषध मागून.

कोणत्याही उघड्या जखमेवर माशी बसून अंडी घालते आणि आत किडे पडतात. किडे मूळ आजार लपवून टाकतात. त्यामुळे ते काढून जखम स्वच्छ केल्यावर ती मुळात कशाने झाली, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

प्रयोगशाळेची जागा

निदानाबाबत जाणकारांत फारसा वाद नाही. वाद आहे तो व्यवहाराचा. खरजेसाठी चट्ट्याच्या कडेची कातडी पातीने, किंचित रक्त येईपर्यंत खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की किडा दिसतो. गजकर्णाचे केस पोटॅशच्या द्रावणात ठेवले की बीजाणू दिसतात. पावसाळी खपलीचा रंगवलेला नमुना आगगाडीच्या दुहेरी रुळांसारखा दिसतो. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. लम्पीची खात्री मात्र खपलीच्या किंवा रक्ताच्या नमुन्याच्या पीसीआर चाचणीनेच होते.

एका बाजूचे म्हणणे असे, की नमुन्याशिवाय औषध देऊच नये, नाहीतर चुकीच्या औषधाचे पैसे, दुधातले अवशेष आणि जंतूंनी औषधाला दाद न देणे असे तिहेरी नुकसान होते. दुसऱ्या बाजूला शिवारात फिरणारा पशुवैद्यक आहे. एका दवाखान्याकडे अनेक गावे, नमुना पोहोचायला दिवस लागतात आणि शेतकऱ्याला आज औषध हवे असते. तेव्हा लक्षणांवरून उपचार सुरू करून प्रतिसाद पाहणे हाच त्याचा व्यवहार्य मार्ग ठरतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गाठी आणि ताप एकत्र दिसले तर मात्र मोकळीक उरत नाही. लम्पी हा २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोग नियंत्रण कायद्याखालील आजार आहे आणि त्याची खबर देणे बंधनकारक आहे.

उपचार : श्रेय कोणाचे?

उपचारांवरील मतभेदांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. या यादीतले कितीतरी आजार आपोआप बरे होतात. धडधाकट वासराचा गजकर्ण दोन-चार महिन्यांत ओसरतो. चामखिळी बहुधा काही महिन्यांत गळून पडतात. लम्पीची बहुसंख्य जनावरे शुश्रूषेने उठतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात जे औषध दिले त्याला श्रेय मिळते. चामखिळीवर अँटिमनीयुक्त इंजेक्शने, जनावराचे स्वतःचे रक्त त्यालाच टोचणे, चामखिळीपासून केलेली लस, थुजासारखी होमिओपॅथिक औषधे असे अनेक उपाय वापरात आहेत आणि प्रत्येकाचे समर्थक अनुभवाचे दाखले देतात. उपचार न केलेल्या जनावरांशी नीट तुलना केल्याशिवाय यांतला खरा उपाय निवडता येत नाही. मोठी, दूध काढण्याच्या आड येणारी चामखीळ कापून काढणे, याबद्दल मात्र दुमत नाही.

खरूज आणि उवांचे तसे नाही. त्या आपोआप जात नाहीत आणि त्यांच्यावर परिणामकारक औषध आहे. आयव्हरमेक्टिन १९८० च्या दशकात पशुवैद्यकात आले. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. अंड्यांवर त्याचा परिणाम नसल्याने साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते आणि गोठ्यातल्या सगळ्याच जनावरांवर उपचार करावा लागतो. ते चरबीत साठून दुधातून बराच काळ उतरते, म्हणून दुभत्या गाईला त्याचे इंजेक्शन टाळतात. एप्रिनोमेक्टिनसारखे पर्याय आहेत, पण महाग पडतात.

पावसाळी खपल्यांवर पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन किंवा दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन उपयोगी पडते, मात्र जनावर कोरड्या जागी बांधले तरच. गजकर्णावर खपली मऊ करून काढणे, आयोडीन किंवा व्हिटफिल्डचे मलम लावणे आणि ऊन दाखवणे ही जुनी पद्धत आजही चालते. पोटातून दिल्या जाणाऱ्या ग्रिसिओफुल्व्हिनवर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत अनेक देशांनी बंधने घातली आहेत.

*प्रतिजैविके :* लम्पी विषाणूचा असल्याने प्रतिजैविकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तरी फुटलेल्या गाठींत जिवाणू शिरतात, न्यूमोनिया होतो, म्हणून ती दिली जातात. सर्वांना सरसकट द्यावीत की फक्त लक्षणे पाहून, यावर पशुवैद्यकांत मतभेद आहेत. वेदनाशामकांच्या निवडीचा प्रश्न तर गोठ्याबाहेर जातो. गिधाडांच्या मृत्यूमुळे जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये आणि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा तुलनेने सुरक्षित पर्याय राहिला आहे.

*घरगुती औषधे :* कडुनिंब, हळद, करंज तेल, किडे पडलेल्या जखमेवर सीताफळाचा पाला यांची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. लम्पीच्या साथीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गूळ यांचे पोटातून द्यायचे मिश्रण, तसेच जखमांवर लावायचे लेप प्रसृत केले. समर्थकांच्या मते ते स्वस्त आहेत, हाताशी आहेत आणि दुधात अवशेष सोडत नाहीत. साशंक मंडळी म्हणतात, की मुळात आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात तुलनात्मक चाचणीशिवाय दावा करू नये. जखमेची स्वच्छता आणि माश्या दूर ठेवणे इतपत लेपांचा उपयोग दोघेही मान्य करतात. डागणे, जळके तेल फासणे किंवा कीटकनाशक थेट जखमेवर ओतणे मात्र दोघेही अपायकारकच मानतात.

*गोचीड :* लम्पीचा वाहक थोपवायचा तर गोचिडीला हात घालावाच लागतो. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, ती अंगावर नव्हे, भिंतीच्या फटीत आणि कचऱ्यात. तरी फवारणी बहुधा अंगावरच होते. डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक भागांतून नोंदल्या गेल्या आहेत. औषध पातळ करून वापरणे आणि वर्षानुवर्षे एकच गट वापरणे ही त्याची कारणे सांगितली जातात. औषधांचे गट आलटून-पालटून वापरावेत, फटी बुजवून चुना लावावा, शेणाचा उकिरडा दूर न्यावा, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

लसीचा प्रश्न

लम्पीचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूंचा जवळचा नातेवाईक. म्हणून भारतात शेळ्यांच्या देवीची उपलब्ध लस गुरांना देण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये सर्व गुरांना ती मोफत टोचण्याची मोहीम घेतली. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात गुरे सुमारे १ कोटी ३९ लाख होती, यावरून त्या कामाचा आवाका कळावा. दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत ठरली.

एक मत असे, की हाताशी असलेली सुरक्षित लस लगेच वापरणेच शहाणपणाचे होते. वाट पाहिली असती तर हानी वाढली असती. दुसरे मत लम्पीच्याच विषाणूपासून केलेल्या लसीचा आग्रह धरते. इस्राएलमधल्या तुलनेत मेंढ्यांच्या देवीच्या लसीपेक्षा लम्पीची नीथलिंग लस सरस ठरली आणि बाल्कन देशांत तिच्या व्यापक लसीकरणाने साथ आटोक्यात आली. तिची अडचण अशी, की थोड्या जनावरांत लसीमुळेच सौम्य गाठी येतात. भारतात हिस्सार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी तयार केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेलाही देण्यात आले. २०२५ च्या सुरुवातीला बायोव्हेट कंपनीच्या ‘बायोलम्पीव्हॅक्सिन’ लसीला मान्यता मिळाली. लस टोचलेले आणि खरोखर लागण झालेले जनावर वेगळे ओळखता यावे, हा तिचा हेतू सांगितला जातो.

काय सुटलेले नाही

संरक्षण किती काळ टिकते आणि दरवर्षी लस लागेल का? आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण वासरात कधी संपते, आणि त्याला नेमकी कधी टोचावी? २०२३ मध्ये राज्यात आजार पुन्हा दिसला तेव्हा लहान वासरांमुळे हा प्रश्न पुढे आला. विदेशी रक्ताच्या जनावरांत लम्पी तीव्र असतो, ही आफ्रिकेतून आलेली समजूत राजस्थानातल्या देशी गाईंच्या मृत्यूंनी डळमळीत केली. त्यात विषाणूचा वाटा किती आणि चाऱ्याचा, उन्हाचा, मोकाट जनावरांच्या गर्दीचा किती, हे वेगळे काढायचे राहिले आहे. गजकर्णाविरुद्धची लस सोव्हिएत संघात तयार झाली आणि नॉर्वेने तिच्या बळावर हा आजार जवळजवळ हद्दपार केला. आपल्याकडे तो गंभीर मानला जात नसल्याने अशा मोहिमेचा विचारही झालेला नाही. गोचिडीच्या औषधांना किती प्रमाणात दाद मिळेनाशी झाली आहे, याचे जिल्हावार नियमित सर्वेक्षणही हवे आहे.

निष्कर्ष

वादाचे मुद्दे अनेक असले तरी दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एक गोष्ट सतत येते: अमुक औषध चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते कोणत्या आजाराला दिले, हे ठाऊक हवे. खरजेचे औषध गजकर्णावर चालले नाही म्हणून ते वाईट ठरत नाही, आणि चामखीळ गळून पडली म्हणून काढा श्रेष्ठ ठरत नाही. सूक्ष्मदर्शक आणि खरवड घेण्याची सवय तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली, तर वरचे निम्मे वाद आपोआप मिटतील.

शेतकऱ्याच्या हातात तोवर काही साध्या गोष्टी आहेत. गाठ किंवा चट्टा दिसताच जनावर वेगळे बांधावे आणि त्याचा खरारा, दावे, पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. ताप मोजावा. डाग कुठे, कधीपासून आणि खाज आहे का, हे लिहून ठेवावे. नवे जनावर बाजारातून आणले तर महिनाभर कळपात मिसळू नये. ताप आणि गाठी एकत्र दिसल्या तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. औषध दिल्यावर पाकिटावर लिहिलेले दिवस त्या जनावराचे दूध डेअरीला घालू नये. आणि डॉक्टर गोठ्यात आले की ‘कोणते औषध देता?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला विचारावा, ‘हे नेमके काय आहे?’